बाजाराची घोडी

पिंपळगाव राजाच्या आसपासच्या गावांत अंबूबाईला ओळखत नाही असं घर सापडलं नसतं. इंद्रभानलाही लोक ओळखत, पण 'अंबूबाईचा मालक' म्हणून. मळा तो करायचा, मोट तो हाकायचा, वांगी-टमाटे तो पिकवायचा. मात्र ते लोकांच्या दारापर्यंत न्यायची ती, आणि न्यायची घोडीवर बसून. बाकीच्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन, नाहीतर कोणाच्या गाडीत जागा मागून बाजाराला जात. अंबूबाईच्या माहेरी, लोणारच्या बाजूला, बायकांनी तट्टावर बसून बाजार करण्यात कोणाला विशेष वाटत नसे. बापानं दिलेलं शिंगरू तिनं इथं आणून हातानं वाढवलं, त्याचं नाव साळू ठेवलं, आणि साळू माणूस पेलण्याजोगी झाली तशी दोन्ही अंगांना टोपल्या बांधून तिच्यावर बसून निघाली. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी वाट पाहू लागले.

साळू तांबड्या अंगाची, मध्यम उंचीची, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका असलेली. तिला एक सवय होती. रस्त्यानं जाताना कोणी बाईनं हाक मारली की ती थांबायची. नुसती थांबायची नाही, तर वळून आडवी उभी राहायची, म्हणजे टोपली बरोबर गिऱ्हाइकाच्या हाताशी यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. थांबलं की मुळ्याचा पाला नाहीतर भाकरीचा तुकडा मिळतो, आणि आडवं झालं की लवकर मिळतो, हे तिचं तिनंच ताडलं होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या दिवाळीनंतर एका सकाळी म्हातारा पुंजाजी मळ्याच्या बांधावर बसला होता. पुंजाजीचं सगळं आयुष्य देशमुखांच्या घोड्यांवर गेलेलं. आता घोडे नव्हते आणि देशमुख मोटारीनं फिरत. अंबूबाई समोरून बाजाराला निघाली, तशी पुंजाजीनं तोंडाजवळ नेलेली तंबाखू तशीच हातात धरली.

"अबे इंद्रभान, हे घोडी कोनाची?"

"आपलीच. म्हंजे अंबूची."

"आन तिच्यावर तुमी वांगे वाह्यता?"

"टमाटे बी."

"पाय पाह्य तिचे," पुंजाजी म्हणाला. "टमाटे म्हने."

इंद्रभाननं पाहिलं. रोज पाहत होता, पण पायांकडे कधी पाहिलं नव्हतं. साळू एका अंगाचा मागचा पाय उचलायची आणि तो टेकायच्या आत त्याच अंगाचा पुढचा. मग दुसऱ्या अंगाचे तसेच. एखादं तरी खूर सतत जमिनीवर असल्यामुळे पाठ वरखाली होत नव्हती. अंबूबाई वर बसून फुटाणे खात होती आणि तिच्या डोक्यावरचा पदर जागचा हलत नव्हता.

"रेवाळ चाल हाये हे," पुंजाजी म्हणाला. "देशमुखाच्या घोड्याले हे शिकवाले पायाले दोऱ्या बांधून आमी वरीस वरीस काढलं. तुह्या बायकोच्या घोडीले जन्मताच आली."

मग त्यानं महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या शर्यतीचं सांगितलं. दोन मुक्कामांवर, नदीकाठच्या महादेवाच्या जत्रेत रेवाळ घोड्यांची शर्यत लागे. वेगाची नाही, चालीची. स्वारानं उजव्या तळहातावर दुधानं काठोकाठ भरलेला गडू घ्यायचा आणि मैदानाला दोन फेरे मारायचे. दूध सांडता कामा नये आणि चाल मोडता कामा नये. पाणी का नाही, दूधच का, तर तांबड्या-काळ्या अंगावर दुधाचा थेंब लपत नाही. जिंकणाऱ्याला जरीचा फेटा बांधतात आणि कर्ण्यावरून गावासकट त्याचं नाव सांगतात.

इंद्रभान त्या दिवशी मोट हाकताना दोनदा बैलांना वळवायचं विसरला.

संध्याकाळी त्यानं अंबूबाईला विचारलं. जेवताना विचारलं, म्हणजे नाही म्हणाली तर खाली मान घालून घास गिळता येईल.

"जत्रेपावतर घोडी मले देशीन का?"

"मंग मी बाजारले कशी जाऊ?"

"शेजारच्या शेषरावची गाडी जाते ना."

"शेषरावची गाडी त्याच्या बायकोच्या मर्जीनं जाते." अंबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या माणसानं स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. आजारपणात लिंबाची फोडसुद्धा तो 'असली तर' म्हणून मागायचा. "न्या," ती म्हणाली. "पन तिले मिरच्याचा वास नाही खपत. हात धुऊन जात जा तिच्यापाशी."

शिकवणी सुरू झाली. चाल शिकवायची गरजच नव्हती. गरज होती ती सवय मोडायची. पहिल्याच दिवशी इंद्रभान पाण्याचा गडू घेऊन पांदीनं निघाला आणि विहिरीवर धुणं धूत असलेल्या बाईनं सहज विचारलं, "कोठी चालले भाऊ?" साळू थांबली, आडवी झाली, आणि गडू इंद्रभानच्या मांडीवर उपडा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेजवळ तेच. तिसऱ्या दिवशी तर देवळातली घंटा वाजवणाऱ्या बाईकडे साळू आपण होऊन वळली.

"शर्यतीत हज्जारो मानसं रायतीन," पुंजाजी म्हणाला. "त्यातली एक बाई जरी बोलली, का संपलं. हिचे कान बंद कर."

कान बंद करता येत नाहीत, पण बाकी बरंच करता येतं. इंद्रभाननं साळूला घरापुढून हलवून शेतातल्या खोपटात बांधलं. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना चामड्याची झापडं लावली. गावात घरोघर सांगून आला की घोडीशी कोणी बोलायचं नाही, काही खायला घालायचं नाही. चंदी तोच घालायचा, पाणी तोच दाखवायचा. आणि पुंजाजीनं शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे टाच. साळू थांबायच्या आधी तिचा एक कान आवाजाकडे फिरायचा. तो कान फिरला की लगेच टाच मारायची. थांबल्यावर मारून उपयोग नाही. थांबावंसं वाटलं त्या क्षणी मारायची.

इंद्रभान चिकाटीचा माणूस. पौष सरता सरता साळू विहिरीवरून, शाळेवरून, देवळावरून न थांबता जाऊ लागली. पाण्याच्या जागी दूध आलं. आधी गडू अर्धा, मग पाऊण, मग काठोकाठ. बोलायला मनाई असली तरी गावातले लोक बांधावर उभं राहून पाहू लागले, आणि एकदोघांनी त्याला 'इंद्रभानजी' म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला कर्ण्याचा आवाज ऐकू यायचा.

जत्रेला तीनच दिवस राहिले होते. बाजाराचा दिवस होता. शेषरावची गाडी त्या दिवशी निघालीच नव्हती, म्हणून अंबूबाई टोपलं डोक्यावर घेऊन चालत गेली होती आणि दुपार कलताना तशीच चालत परत येत होती. समोरून इंद्रभान येत होता. हातात गडू, नजर गडूवर. अंबूबाईनं टोपलं खाली ठेवलं. त्यात साळूसाठी मुद्दाम न विकता राखलेली मुळ्याची जुडी होती. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि नेहमीसारखी जीभ टाळूला लावून तिनं आवाज केला.

"साळू, ये वं बाई."

साळू आली, आणि गेली. कान फिरला नाही. पावलाचा ताल बदलला नाही. अंबूबाईच्या हातातली मुळ्याची पानं तिच्या पोटाला घासून गेली, तरीही नाही.

इंद्रभाननं पुढं जाऊन घोडी वळवली. त्याचा चेहरा उजळला होता.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"एक थेंब नाही. आन तू हाक मारली तरी नाही."

"नाही सांडला," अंबूबाई म्हणाली. तिनं मुळे टोपल्यात ठेवले, टोपलं डोक्यावर घेतलं. "चांगली तयार केली तुमी. आता कोनाची बी घोडी झाली ते."

हे ती रागानं म्हणाली असती तर इंद्रभाननं उत्तर दिलं असतं. पण ती घोडीचं माप सांगावं तशी म्हणाली आणि घराकडे चालू लागली. तो मागून पाहत राहिला. चालताना तिचा डावा पाय जरा दुखावल्यासारखा पडत होता. हे कधीपासून, ते त्याला माहीत नव्हतं.

खोपटात जाऊन त्यानं दूध ओट्यावर ठेवलं, खोगीर उतरवलं, झापडं काढली, चंदीची पाटी पुढं सरकवली. साळू खाऊ लागली. तो पाटीशेजारीच उकिडवा बसला. पूर्वी अंबूबाई गोठ्यात आली की ही घोडी खाणं सोडून तोंड वर करायची, तिच्या खांद्यावर फुरफुरायची. तिच्या लुगड्यावर चंदीचे ओले डाग पडायचे म्हणून ती भांडायची. आता तो बसला होता, त्यानं नाव घेतलं, मानेवर हात ठेवला. साळू खात राहिली.

त्यानं बाहेर पाहिलं. शेजारच्या रानात करडई पिवळी झाली होती, इतकी की काही फुलं लालसर पडायला लागली होती. म्हणजे फुलून बरेच दिवस झाले असणार. या रानाच्या कडेनं तो रोज सकाळ-संध्याकाळ घोडीवर बसून गेला होता, आणि आठवायला गेल्यावर त्याला फक्त दूध आठवत होतं. दुधाचा पांढरा गोल आणि गडूचा काठ.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी आला तेव्हा इंद्रभान खोगिराच्या दोन्ही अंगांना टोपल्या बांधत होता.

"हे काय?"

"जत्रेले निघालो. अंबू येऊन राह्यली. वाटंत भाजी इकत जाऊ."

पुंजाजीनं आधी टोपल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी काय सांगतलं होतं? झापडं लावून, गाव टाळून, लगाम धरून नेजो, असं सांगतलं का नाही?"

"सांगतलं."

"एका बाईनं जरी मुळा चारला ना, तुही सगळी मेहनत पान्यात गेली समज."

"हाव," इंद्रभान म्हणाला आणि गाठ आवळली.

"हाव काय बे? शर्यतीत उतरनार का नाही?"

"उतरनार. काऊन नाही उतरनार? जिंकाची हाये मले." ते तो खरंच म्हणत होता. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमायच्या याचा हिशेब मात्र त्याच्यापाशी नव्हता. पुंजाजी जत्रेला मोटारीनं येतो म्हणाला, आणि येऊन काय पाहायचं तेवढं सांग म्हणाला.

मळा शेषरावच्या हवाली करून ते निघाले. अंबूबाई वर, इंद्रभान पायी, हातात लगाम नाही. पहिल्या गावात वेशीवरच एका म्हातारीनं हाक मारली, "अवं अंबू, मेली होती का दोन मह्यने?" साळू चालत राहिली. अंबूबाईला लगाम ओढून तिला थांबवावं लागलं. म्हातारीनं मेथी घेतली आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. साळूनं तो हुंगला. इंद्रभानकडे एक डोळा फिरवला. मग मान बाजूला घेतली.

"भेते तुमाले," अंबूबाई म्हणाली.

पुढच्या गावापर्यंत इंद्रभान घोडीच्या मागे, बऱ्याच अंतरावर चालला. तिथं साळूनं मुळ्याचा पाला घेतला, पण थांबवल्यावरच. मुक्कामाच्या ठिकाणी त्यानं चंदीची पाटी अंबूबाईच्या हातात दिली आणि स्वतः चूल पेटवायला बसला. भाकऱ्या वाकड्या झाल्या. अंबूबाईनं त्या निमूटपणे खाल्ल्या, फक्त एक उचलून मावळत्या सूर्याच्या गोलाशी ताडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताना ते एका वस्तीशी आले. आडावर पाणी भरणाऱ्या एका बाईनं, तिचं नाव गीताबाई, घागर ठेवून विचारलं, "मेथी हाये का वं?" आणि साळूचा कान फिरला. इंद्रभानला तो मागूनही दिसला. पाऊल मंदावलं. अंबूबाईनं लगाम सैल सोडला होता. साळू थांबली, क्षणभर तशीच उभी राहिली, जणू मार कुठून येतो पाहत होती. आला नाही. मग ती सावकाश आडवी झाली.

अंबूबाई मेथीच्या जुड्या देताना गीताबाईशी नको इतकं बोलली. इंद्रभान आडाच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याला हसू येत होतं. जरीचा फेटा हातातून गेला हेही त्याला कळलं होतं.

जत्रेचं मैदान नदीच्या वाळूला लागून होतं. जत्रा कमिटीचे नारायणराव कर्ण्यासमोर बसून एकेका स्वाराला बोलावत होते. इंद्रभानच्या आधीच्या तिघांपैकी दोघांचं दूध पहिल्या फेऱ्यातच सांडलं. पुंजाजी मोटारीनं येऊन पोचला होता आणि कुठल्याही घोडीला पाहिल्यावर थुंकत होता.

इंद्रभाननं झापडं लावली नाहीत. गडू घेतला आणि निघाला.

पहिला फेरा असा झाला की पुंजाजी थुंकायचा थांबला. खुरांचे चार ठोके स्वच्छ, सारख्या अंतरानं पडत होते आणि दूध ताटात ठेवल्यासारखं होतं. इंद्रभाननं नजर उचलली. एवढ्या दिवसांत गडू हातात असताना त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. नदी दिसली, रेवड्यांची दुकानं दिसली, एका पोराच्या खांद्यावरचं भिरभिरं दिसलं. अंबूबाई दोरीला धरून उभी होती आणि ती घोडीच्या पायांकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होती. खाली साळूची पाठ त्याला वाहत नेत होती. अंबू अशी बसून जाते रोज, त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर गर्दीतून आवाज आला, "ओ बाई, कालची मेथी लय कवळी होती!" गीताबाई. तिला शर्यतीचं काही ठाऊक नव्हतं. ओळखीची घोडी दिसली आणि आनंद झाला, एवढंच.

साळूचा कान फिरला. इंद्रभानची टाच आपोआप उचलली गेली. मारली असती तर साळू न थांबता पुढं गेली असती. दोन महिन्यांचा धाक अजून कातडीत होता, तो तिच्या आखडलेल्या बरगड्यांतून त्याला मांडीला कळला. कालच्या वस्तीवर पाहिलं तेच ते अंग चोरून वाट पाहणं. टाच हवेत राहिली आणि मग खाली आली, रिकिबीत.

साळू थांबली. टमाटे पाठीवर असताना थांबावं तशी, धक्का न देता. आडवी झाली. गीताबाईनं टोपली असायची तिथं पाहिलं तर फेटेवाला बाप्या आणि त्याच्या हातात गडू.

"दूध बी इकता का आता?" तिनं विचारलं.

"इकत नाही," इंद्रभान म्हणाला. "नुसतं फिरवून राह्यलो."

दोरीशी उभे होते ते सगळे हसले, आणि इंद्रभानही हसला, तेव्हा कुठं गडू हिंदकळून थोडं दूध त्याच्या मनगटावर आलं. त्यानं साळूला वळवलं आणि उरलेला फेरा त्याच चालीनं पुरा केला. कर्ण्यावरून नारायणराव म्हणाले, "पिंपळगाव राजाचे इंद्रभान. चाल पहिल्या नंबरची होती, पन मोडली. बाद."

पुंजाजी दोरी ओलांडून आला. "टाच काय पुढच्या जत्रेसाठी राखून ठेवली होती का?"

"आजोबा, दूध घ्या," अंबूबाईनं गडू त्याच्यापुढं केला. पुंजाजीनं रागारागानं सगळा पिऊन टाकला.

परतताना ते नदीच्या वाळूतून चालले होते. भाजी संपली होती, टोपल्या एकात एक घालून अंबूबाईनं काखेत धरल्या होत्या.

"टाच काऊन नाही मारली?" तिनं विचारलं.

"राह्यली."

"उचलली होती. मी पाह्यलं."

"पाह्यलं तर मंग इचारते काऊन?"

ती चालता चालता त्याच्या बाजूला सरकली. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "येत्या वर्षी असं करू. जत्रेच्या आदल्या दिवशी गीताबाईच्या घरी मेथी पोचती करू. म्हंजे ते हाक नाही मारनार."

"आन जत्रेतल्या बाकीच्या बाया?"

"त्याहिले बी पोचती करू."

"सगळ्या जत्रेले?"

"मळा वाढवू जरासा." तो गंभीरपणे म्हणाला. "सकाळी न्याहारीपावतर घोडी माही. मंग तुही. बाजाराच्या दिवशी सगळा दिवस तुही. खोपटात नाही बांधत आता, घरापुढंच राहीन ते."

"आन झापडं?"

"देऊन टाकू कोनाले."

"हे चालते," अंबूबाई म्हणाली.

पुढं वाळू रुंद होत गेली होती, ओलसर आणि सपाट, पाऊलही न उमटलेली. इंद्रभान थांबला. इतक्या वर्षांत साळूला कोणी कधी पळवलं नव्हतं. आधी टमाट्यांमुळे, नंतर दुधामुळे.

"घेऊ का जराशी?"

"मले काय इचारता? तिले इचारा."

त्यानं खोगीर उतरवून अंबूबाईजवळ ठेवलं आणि उघड्या पाठीवर चढला. साळूनं कान पुढं केले. त्यानं काहीच केलं नाही, फक्त पुढं वाकला, आणि ती निघाली. रेवाळ नाही, कसलीच ठरलेली चाल नाही, नुसती पळत, वाळू उडवत. पहिल्याच वळणावर त्याचा रोजचा फेटा सुटून मागं लांबत गेला आणि पडला. दूर पाण्यापर्यंत जाऊन ती वळली, तेव्हा त्याचा आवाज आला. काय ओरडला ते अंबूबाईला कळलं नाही, शब्द नव्हतेच बहुधा.

परत आला तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. तो उतरला आणि घोडीच्या मानेला धरून उभा राहिला. साळूनं त्याच्या खांद्यावर जोरात फुरफुरून सदरा ओला केला.

अंबूबाईनं टोपल्या खाली ठेवल्या आणि पदर कमरेला खोचला.

"सरका," ती म्हणाली. "आता मी."